क्लीट्स गुलाबी करायचेत? मग रंगापेक्षा पुसायला जास्त वेळ द्या

सप्टेंबर संपत आला की इथे अमेरिकेत शाळेच्या फुटबॉल टीमच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘पिंक गेम’ची चर्चा सुरू होते. स्तनाच्या कर्करोगाबद्दल जागृती म्हणून ऑक्टोबरातला एक सामना गुलाबी खेळायचा. लगेच कुणीतरी व्हिडिओ टाकतं, स्प्रेचा डबा घ्या, दहा मिनिटांत क्लीट्स, म्हणजे तळाला खुंट्या (स्टड) असलेले मैदानी बूट, गुलाबी! तो गुलाबी रंग पहिल्या क्वार्टरमध्येच पोपडे होऊन गवतावर पडतो आणि बूट आधी होते त्याहून भिकार दिसायला लागतात. मी न्यू जर्सीत राहते आणि दर ऑक्टोबरात माझ्या मुलाचे आणि त्याच्या टीममधल्या बऱ्याच पोरांचे बूट रंगवून देते. त्या डब्यांच्या व्हिडिओंचा आता मला मनापासून वैताग आला आहे.

फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेट आणि पॅड घालून खेळतात तो. सॉकरच्या बुटांनाही पुढचं सगळं जसंच्या तसं लागू आहे.

आधी विचारा, मग रंगवा

कोचला आणि शाळेच्या अॅथलेटिक डिरेक्टरला लेखी विचारा. एका ओळीचा ईमेल पुरतो. कुणाला ही उगाचची औपचारिकता वाटत असेल तर त्यांनी एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमधल्या पिट्सबर्ग स्टीलर्स टीमचा 2015 चा हंगाम आठवावा. तिथला खेळाडू डिअँजेलो विल्यम्सची आई 2014 मध्ये स्तनाच्या कर्करोगाने गेली. त्याला पूर्ण हंगाम गुलाबी घालून खेळायचं होतं. एनएफएलने नाही म्हटलं, गुलाबी फक्त ऑक्टोबरात. शेवटी त्याने केसांची टोकं गुलाबी ठेवली, कारण केसांवर लीगचा नियम चालत नाही. त्याच टीमच्या विल्यम गेने कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध जांभळे बूट घातले, त्याला 5,787 डॉलर दंड. कॅम हेवर्डने कर्करोगाने गेलेल्या वडिलांचं टोपणनाव डोळ्यांखालच्या काळ्या पट्टीवर लिहिलं, त्यालाही तेवढाच दंड. पुढच्याच वर्षी लीगने ‘माय कॉज, माय क्लीट्स’ सुरू केलं आणि एका आठवड्यापुरती आपापल्या कारणासाठी बूट रंगवायची मोकळीक दिली. हायस्कूलमध्ये दंड नसतो, पण पंच पोराला बाहेर बसवू शकतात आणि सामन्याच्या संध्याकाळी तुमच्याकडे दुसरे बूट नसतात.

सगळ्यात जास्त भांडण जर्सीवरून होतं, कारण तिच्या रंगाचे आणि आकड्यांचे नियम कडक आहेत. जर्सी सोडून द्या. बूट, मोजे, लेस, मनगटपट्टी, कमरेचा टॉवेल, माउथगार्ड (दातांवर घालायचं कवच) एवढ्यात हवं तेवढं गुलाबी होतं. माउथगार्ड तर हायस्कूलच्या नियमानुसार पांढरा किंवा पूर्ण पारदर्शक चालतच नाही, सहज दिसणारा रंग लागतो. म्हणजे गुलाबी आपसूक बसतो आणि सगळ्यात स्वस्तही पडतो.

एकाच सामन्यासाठी असेल तर रंगवूच नका

हे स्पष्ट सांगते, कारण निम्म्या लोकांचं काम इथेच संपतं. गुलाबी अॅथलेटिक टेपचा एक रोल आणा आणि बुटावरून, घोट्यापर्यंत गुंडाळा. इथे त्याला स्पॅट करणं म्हणतात, शाळेच्या ट्रेनरला ते डोळे मिटून येतं. स्टड मोकळे ठेवायचे, बस. विणलेल्या, मोज्यासारख्या कापडाचे बूट असतील तर टेपच बरी. त्या विणीत रंग मुरतो, कडक होतो आणि बूट पायाला चावतो.

महिनाभर गुलाबी हवं असेल तरच पुढे वाचा. बूट वापरातले, पायाला बसलेले घ्या. पांढरे मिळाले तर अर्धं काम वाचतं. धुवून, वाळवून, लेस काढून समोर ठेवा.

चकाकी काढणे

सगळी गोम इथे आहे. माझेही सुरुवातीचे जोड याच पायरीवर अडायचे.

कारखान्यातून बूट निघतो तेव्हा त्यावर एक पातळ पारदर्शक लेप असतो. चिखल चिकटू नये, पाणी ओघळून जावं म्हणून तो दिलेला असतो. जो लेप चिखलाला धरू देत नाही तो तुमच्या रंगाला कसा धरू देईल? त्यावर कितीही महागाचा रंग लावा, तो बुटाला चिकटत नाही, लेपाला टेकून बसतो. पहिल्या टॅकलला बूट वाकला की निघाला.

इथे लोक दोन चुकीचे सल्ले देतात. एक, रबिंग अल्कोहोलने पुसा. त्याने तेल आणि घाम जातो, लेप जात नाही. दोन, सँडपेपर मारा. त्याचे ओरखडे गुलाबीखालून दिसतात आणि पातळ सिंथेटिक असेल तर खालचं कापड उघडं पडतं. लागतं ते अॅसिटोन, हार्डवेअरच्या दुकानात पत्र्याच्या डब्यात मिळतं ते शुद्ध. नेलपॉलिश काढायची बाटली नको, त्यात बहुतेक वेळा नखांसाठी तेल आणि सुगंध घातलेले असतात आणि आपण तर तेल काढायला निघालोय.

त्याआधी मास्किंग टेप. व्हिडिओत सगळे रंगाच्या आधी टेप लावतात, मी अॅसिटोनच्या आधी लावते आणि याबाबतीत कुणाचं ऐकत नाही. बुटाचा वरचा भाग आणि तळ जिथे जुळतात तिथे गोंद असतो. अॅसिटोन तिथे झिरपलं की गोंद मऊ पडतो आणि दोन सरावांनंतर तळ जबडा उघडतो. खालची कडक प्लास्टिकची पट्टी अॅसिटोनने पांढुरकी पडते, तडकतेही. जोडाच्या रेषेवर टेप नखाने दाबून बसवा आणि तिथे फडकं ओलं नको, नुसतं दमट ठेवा.

फडकं जुन्या पांढऱ्या सुती बनियनचं घ्या. पांढरंच, म्हणजे काय निघतंय ते दिसतं. कापसाचे बोळे नकोत, त्यांचे तंतू चिकटून राहतात. खरं चामडं असेल तर थोडा जोर लावून घासा, फडक्यावर बुटाचा रंग उतरायला लागला आणि चमक जाऊन पृष्ठभाग निस्तेज झाला की थांबा. पण हल्लीचे बहुतेक क्लीट्स सिंथेटिक असतात, त्यांना हा जोर सोसत नाही. तिथे बुटाच्या जिभेच्या (लेसखालच्या पट्टीच्या) आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर आधी करून बघा. मग एका दिशेने एक झटपट हात, थांबा, सुकू द्या, बघा, गरज वाटली तरच दुसरा. एकाच जागी गोल गोल घोळवत बसलात तर वरचा थर विरघळतो आणि बोटाला चिकट लागतो. चिकट लागला की त्या दिवशीचं काम बंद. रात्रभर उघडा ठेवा, सकाळी कडक झाला असेल तरच पुढे जा.

झालं की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. बुटावर ठिकठिकाणी पाण्याचा थेंब टाका. थेंब गोल उभा राहून घरंगळला तर लेप अजून शाबूत आहे. पसरला तर जागा तयार आहे. बोटांजवळ जिथे बूट वाकतो तो पट्टा आणि लेसच्या भोकांच्या कडा हमखास राहून जातात, थेंब तिथे नक्की टाका. मला बूट आणून देतात त्यांचा रंग निघालेला असतो तो बहुतेक याच दोन जागी. तयार जागेला मग बोट लावू नका, बोटाचं तेलही रंग बिघडवायला पुरतं.

एक धोका सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अॅसिटोनची वाफ पटकन पेट घेते. न्यू जर्सीतल्या बऱ्याच घरांत बेसमेंटमध्ये गॅसचा वॉटर हीटर असतो, त्यात ज्योत असते. हे काम ड्राइव्हवेवर किंवा दार सताड उघडलेल्या गॅरेजमध्ये करा, बेसमेंटमध्ये अजिबात नाही. लहान मुलं लांब. भिजलेली फडकी घरातल्या कचऱ्यात कोंबू नका, बाहेर पसरून पूर्ण सुकू द्या.

रंग

घरात आणा आता. ऑक्टोबरातलं गॅरेज थंड असतं, साधारण 10 अंश सेल्सियसच्या खाली अॅक्रिलिक रंग नीट जमत नाही, सुकला तरी भुसभुशीत राहतो. बुटात वर्तमानपत्र गच्च कोंबा, विशेषतः बोटांकडे, म्हणजे सुरकुत्या ताणल्या जातील आणि रंग त्यांच्या आतपर्यंत पोचेल. सुरकुती मिटलेली असताना रंगवलंत तर पाय घातल्याबरोबर मधला काळा पट्टा डोकावतो.

रंग चामड्यासाठीचा अॅक्रिलिक घ्या, अँजेलसचा सगळीकडे मिळतो. लोखंडी कुंपणाला मारायचा इनॅमल स्प्रे सुकला की कडक होतो, वाकला की फुटतो. सिंथेटिकवर रंगाच्या आधी अॅडहेजन प्रमोटरचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या द्रवाचा, एक हात द्या.

गुलाबी रंग झाकायला कमजोर असतो, निऑन गुलाबी तर फारच. काळ्या बुटावर थेट लावला तर तो जांभळट, मळका दिसतो. लोक मग थरावर थर चढवत बसतात आणि तो जाड थर फुटतो. आधी पांढऱ्याचे दोन हात, मग गुलाबीचे तीन-चार. प्रत्येक हात पातळ. पहिला हात भिंतीला चुन्याचं पाणी मारावं तसा विरळ आणि डागाळ दिसला पाहिजे. तो पाहून धीर सुटतो, सुटू देऊ नका. दोन हातांमध्ये पंधरा-वीस मिनिटं, घाई असेल तर हेअर ड्रायर मंद ठेवून. निऑन उन्हात लवकर फिका पडतो, मी साधा मध्यम गुलाबीच वापरते.

शेवटचा हात सुकला की कागद काढून बूट हाताने वाकवा. वाकल्या जागी पांढरी रेघ उठली तर थर जाड झालाय. वरून ठिगळ लावू नका, तेवढा भाग खरवडून पुन्हा पांढऱ्यापासून सुरू करा.

मग मॅट फिनिशरचा, म्हणजे रंगावरच्या बिनचकाकीच्या पारदर्शक लेपाचा, एक हात. टेप हळू, तिरकी ओढून काढा. दोन रात्री बुटाला हात लावू नका. शुक्रवारी सामना असेल तर हे सगळं आधीच्या शनिवार-रविवारी झालेलं असावं. गुरुवारी रात्री रंगवायला बूट घेऊन येणाऱ्यांना मी टेपचा रोल देते आणि परत पाठवते.

बाकीचं सामान

मोजे, लेस, मनगटपट्टी विकत घ्या, पांढरे सुती मोजे घरी रंगवून पहिल्या धुण्यात बाकीचे कपडे गुलाबी करण्यात काही अर्थ नाही. हातमोजे रंगवू नका, तळव्याची पकड जाते.

हेल्मेटला रंग, स्प्रे, अॅसिटोन काहीही लावू नका. त्याचं कवच पॉलिकार्बोनेट किंवा एबीएसचं असतं, अशा द्रवांनी ते आतून कमजोर होतं आणि वरून काहीच दिसत नाही. गुलाबी रिबनचा स्टिकर हवा असेल तर शाळेच्या इक्विपमेंट मॅनेजरकडून घ्या, त्यांना कोणता चालतो ते माहीत असतं.

गुलाबी कशासाठी, तेही टेबलावर ठेवा

एनएफएलने अमेरिकन कॅन्सर सोसायटीबरोबर 2009 मध्ये गुलाबी ऑक्टोबर सुरू केला आणि 2017 पासून इतर कर्करोगही त्यात घेतले. नुसता रंग विकण्यावर टीका त्याच्याही आधीपासून होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘ब्रेस्ट कॅन्सर अॅक्शन’ने 2002 मध्येच विचारायला सुरुवात केली होती की गुलाबी वस्तूतला किती पैसा खरंच रुग्णांपर्यंत जातो. टीम टी-शर्ट विकणार असेल तर पैसे कुणाला जाणार ते नाव पाटीवर लिहा. ते लिहायला कोच टाळाटाळ करत असेल तर टी-शर्ट विकू नका.

मैदानाच्या प्रवेशद्वारापाशी एक कागद ठेवा. त्यावर एवढंच लिहा: सर्वसाधारण धोका असलेल्या बायकांनी वयाच्या 40 ते 74 दरम्यान दर दोन वर्षांनी मॅमोग्राम (स्तनाचा एक्स-रे) करावा, अशी इथल्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स या तज्ज्ञांच्या गटाची 2024 ची शिफारस आहे. घरात कुणाला स्तनाचा कर्करोग झाला असेल तर डॉक्टरांना आधीच विचारा. गाठ लागली तर वय बघत थांबू नका. विमा नसलेल्या, कमी उत्पन्नाच्या बायकांसाठी सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा मोफत किंवा स्वस्त तपासणीचा कार्यक्रम प्रत्येक राज्यात आहे. आणि या देशात स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे शंभरातल्या एका रुग्णाचं निदान पुरुषात होतं, हे वाचून स्टँडमधले बाबा लोकही कागद उचलतात.

आपल्या लोकांसाठी वेगळं सांगते. सहा महिन्यांसाठी आई किंवा सासूबाई येणार असतील तर मॅमोग्राम पुण्या-मुंबईतच करून मग विमानात बसवा. व्हिजिटर विम्यात अशी नियमित तपासणी सहसा बसत नाही. इथे आल्यावर खिशातून द्यावं लागतं, मग “जाऊ दे, परत गेल्यावर बघू” होतं आणि परत गेल्यावर कुणी बघत नाही.

सामन्यानंतर

चिखल सुकायच्या आत थंड पाणी आणि मऊ ब्रश. हीटरवर किंवा ड्रायरमध्ये वाळवू नका, कागद कोंबून सावलीत ठेवा. टोकाला रंग उडेलच, उरलेला रंग छोट्या बाटलीत ठेवा आणि दर आठवड्याला एक पातळ हात फिरवा.

नोव्हेंबरात पुन्हा काळे करायचे असतील तर फिनिशर काढण्यापुरतं दमट अॅसिटोनचं फडकं फिरवा आणि काळ्याचे दोन हात द्या, पांढरा लागत नाही. गुलाबी लेस धुवून ठेवा, पुढच्या वर्षी धाकट्या टीमला चालतात.