जिताडा लागत नाही, लागला तर सुटतो? या चुका टाळा

रॉड भारीतला घेतला, रील घेतलं, ऑस्ट्रेलियावाल्यांचे बारामुंडीचे व्हिडिओ रात्र रात्र बघून झाले, ल्यूरचा, म्हणजे नकली आमिषांचा, डबा गच्च भरला आणि तरी खाडीवरून रिकाम्या हाताने परत, ही रड अलिबाग-पेणपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळीकडे ऐकू येते. बारामुंडी म्हणजे आपला जिताडाच बरं का, गोव्यात त्यालाच चोणक म्हणतात. आणि दोष बहुतेक वेळा सामानाचा नसतोच. जिताडा हा काय खाण्यामागे खाडीभर पळणारा मासा नाही, तो आडोशाला दबा धरून बसतो आणि वाहतं पाणी खाणं तोंडासमोर आणून देईल याची वाट बघतो. एवढं डोक्यात बसलं की अर्ध्या चुका तिथेच संपतात.

सुट्टी बघून जाता, पाणी बघून नाही

रविवार मोकळा आहे म्हणून सकाळी सातला जाऊन उभं राहायचं आणि अकराला कंटाळून परत यायचं. मधल्या वेळात पाणी काय करत होतं विचारलं तर माहीत नसतं. पाणी थांबलं की जिताड्याचं खाणंही बहुतेक थांबतं, तेव्हा पाणी चालू असण्याची वेळ गाठायची. मोबाईलवर टाइड टेबल मिळतंच, पण कालनिर्णय भिंतीवर असेल तरी काम होतं, तिथीला पाऊणने गुणा, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. हे किनाऱ्याचं झालं, खाडीत जेवढं आत जाल तेवढी भरती उशिरा पोचते हे धरून चाला.

ओहोटी लागल्यावरचे पहिले दोन-तीन तास सगळ्यात चांगले, कारण कांदळवनात शिरलेली कोळंबी आणि बोयची पिल्लं उतरत्या पाण्याबरोबर बाहेर पडतात. बऱ्याच जणांना उधाणच, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती, पाहिजे असतं, माझं मत जरा वेगळं आहे, उधाणाला पाणी इतकं ओढतं की आमिष जागेवर राहत नाही आणि गढूळपणात ल्यूर माशाला दिसणार तरी कसं. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, उलट, पाणी हलतच नाही. त्यापेक्षा चतुर्थी ते षष्ठी किंवा एकादशी-द्वादशी हे मधले दिवस बघा.

लांब फेकायची हौस

खाडीच्या मधोमध सत्तर मीटर कास्ट मारून काही होत नाही. मासा तुमच्या पायाजवळ असतो! तिवराच्या मुळाशी, जेट्टीच्या खांबाला, पुलाच्या पिलरमागे, आणि सगळ्यात भारी जागा म्हणजे खारबंदिस्तीची उघाडी, म्हणजे खाडीच्या बांधातलं पाणी सोडायचं दार, गोव्यात तिला मानस म्हणतात. ओहोटीला उघाडीतून पाणी धो धो बाहेर पडतं, मधे फेसाळ पट्टा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी जरा संथ फिरत असतं. जिताडा त्या संथ पाण्यात असतो, तोंड प्रवाहाकडे करून. म्हणून ल्यूर किंवा जिवंत कोळंबी थेट त्याच्या डोक्यावर नाही टाकायची, प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकून वाहत येऊ द्यायची. रात्री पुलावर लाईट असेल तर उजेड आणि सावली जिथे भेटतात ती रेघ शोधा, मासा सावलीच्या बाजूला उभा असतो. टॉर्च मात्र सारखी पाण्यात मारू नका, त्याचे डोळे लालभडक चमकताना बघायला मजा येते खरी, पण मासा बिथरतो.

अजून एक, थंडीत पाणी गार झालं की हा मासा सुस्तावतो, तेव्हा ल्यूर भराभर ओढून उपयोग नाही, निम्म्या स्पीडने ओढा, मधे मधे थांबवा.

लागतो पण सुटतो

हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. जिताडा चावत नाही, तोंड एकदम उघडून पाण्यासकट खाणं आत ओढून घेतो, वरच्या पाण्यात घेतलं तर भप्पकन आवाज येतो. आवाज आला की लोक घाबरून झटका मारतात आणि पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगणारं ल्यूर, हवेत उडून यांच्याच तोंडावर. आवाजावर नाही, रॉडला वजन जाणवल्यावर ओढायचं. जिवंत आमिषाला सर्कल हुक (टोक आत वळलेला गोल गळ) लावला असेल तर झटका अजिबात नको, नुसतं रील फिरवून दोरी ताणा, हुक जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो.

दोरी कटते म्हणणाऱ्यांनी त्याचं तोंड एकदा नीट बघावं. दात सुळे नसतात, सँडपेपरसारखा खरखरीत पट्टा असतो, त्यावर पातळ लाईन घासून घासून तुटते. आणि गालफडाच्या झाकणाची कड तर ब्लेडच. ब्रेड, म्हणजे विणलेली मुख्य दोरी, २०-३० पाउंडची चालेल पण पुढे गळाजवळ ४० ते ६० पाउंडचा जाड लीडर (दोरीचा वेगळा तुकडा), हातभर तरी लांब, हवाच, आणि प्रत्येक माशानंतर त्यावरून बोट फिरवून बघा, खरखर लागली तर तेवढा तुकडा कापून परत गाठ मारा. स्वस्त ल्यूरबरोबर आलेले ट्रेबल हुक (तीन टोकांचे गळ) सरळ होतात, ते आधीच बदला. मासा उडी मारून डोकं झटकतो तेव्हा रॉडचं टोक खाली पाण्याकडे न्या, वर धरलं तर ल्यूर सुटणारच. ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरी सोडणारा रीलचा ब्रेक, किती? जागेवर ठरतं, खांबाजवळ असाल तर घट्ट, कारण पहिल्या धडकेत तो खांबामागे गेला की विषय संपला.

फोटोच्या नादात

कल्ल्यात बोटं घालून उचलायचं नाही, हात चिरतो, आणि खाडीच्या पाण्यातली जखम लवकर चिघळते. चिरलंच तर साबणाने धुवा आणि सूज चढायला लागली तर डॉक्टरकडे लगेच जा. लिप ग्रिपने (जबडा पकडायच्या चिमट्याने) जबडा धरा, दुसरा हात पोटाखाली.

मोठ्या माशाबद्दल थोडं. जिताडा आधी नर म्हणून वयात येतो आणि पुढे काही वर्षांनी मादी होतो, साधारण मीटरभर लांबीचा मासा म्हणजे बहुतेक मादीच, आणि एक मोठी मादी लाखोंनी अंडी सोडते. पावसाळ्याच्या सुमारास ती खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात येते, पिल्लं मग आत निमखाऱ्या-गोड्या पाण्यात, पार खारेपाटातल्या शेतांपर्यंत चढतात. म्हणूनच क्वीन्सलँडमध्ये ५८ सेंटिमीटरच्या खालचाही ठेवता येत नाही आणि १२० च्या वरचाही नाही. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै बंदी यांत्रिक बोटींना असते, गळवाल्याला कोणी अडवत नाही, पण त्या महिन्यांत अंड्याने भरलेली धूड मादी लागली तर सोडा ना राव, खायला दोन-तीन किलोचा जास्त चवदार लागतो. सोडताना फेकून देऊ नका, आडवा धरून पाण्यात ठेवा, शेपटी स्वतः मारायला लागला की हात सैल करा.

जागा निवडताना सावित्री, वाशिष्ठी किंवा गोव्यातला कुंभारजुवे कालवा असेल तर तिथे मगरी आहेत, गुडघाभर पाण्यात उतरून कास्ट मारायचं धाडस नको. चिखलात एकट्याने जाऊ नका, भरती मागून कधी येते कळत नाही. घरी आल्यावर रील गोड्या पाण्याने हलकं धुवा, नळाचा जोरात फवारा मारला तर मीठ उलट आत जातं, आणि ड्रॅग सैल करून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी पहिल्याच माशाला तो अडकून बसतो.