मॅटलॅबमध्ये आकडे दिसतात कसे आणि असतात कसे

ठाणे आणि नवी मुंबईतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मॅटलॅब या गणिती आकडेमोडीच्या संगणक प्रणालीवर काम करताना हे पक्के ध्यानात ठेवावे, की पडद्यावर दिसणारा आकडा म्हणजे साठवलेला आकडा नव्हे. मुळातील ‘फॉरमॅट शॉर्ट’ पद्धत दशांश चिन्हापुढे चारच अंक दाखवते, त्यामुळे पायची (π) किंमत ३.१४१६ दिसते, ‘फॉरमॅट लाँग’ ही आज्ञा दिल्यावर तीच ३.१४१५९२६५३५८९७९३ अशी दिसते. आतली किंमत दोन्ही वेळा तीच असते. वाशीच्या खाडीपुलाजवळच्या सर्वेक्षणातील अक्षांश पडद्यावरून वहीत उतरवून घेतले, तर चौथ्या दशांश स्थळावरील एका अंकाचा फरक जमिनीवर सुमारे ११ मीटर भरतो, म्हणून असे आकडे हाताने न उतरवता थेट फाइलमध्ये साठवणेच योग्य.

खरी फसगत सारणीत होते. ०.००२१ आणि १५००० हे आकडे एकाच ओळीत आले, की मॅटलॅब वर १०००० हा सामाईक गुणक लिहून पहिला आकडा चक्क ०.०००० असा दाखवते आणि पाहणाऱ्याला तो शून्यच वाटतो. अशा वेळी ‘फॉरमॅट शॉर्ट जी’ वापरावे, म्हणजे प्रत्येक आकडा आपापल्या रूपात दिसतो.

आकडा ठरावीक स्थळापर्यंत पूर्ण करणारी ‘राउंड’ ही आज्ञा मात्र किंमतच बदलते, त्यामुळे केवळ नीटनेटकेपणासाठी ती मधल्या पायरीवर कधीही वापरू नये. अहवालात दोनच दशांश स्थळे हवी असतील, तर छापतानाच ‘एफप्रिंटएफ’ या छपाईच्या आज्ञेत तसे सांगावे. नुसते ‘फॉरमॅट’ लिहिल्यास मूळ पद्धत परत येते.