बांधावरचं मारवेल पडीक रानात कसं लावायचं

मारवेल हे चाऱ्याचं गवत विकत आणायची गरज बहुतेकांना पडत नाही. तणनाशकातून वाचलेल्या एखाद्या जुन्या बांधावर किंवा गायरानाच्या कडेला ते सापडतंच. ओळखायचं पेरावरून. काडीच्या पेराला पांढऱ्या केसांचं कडं असतं आणि शेंड्याला बोटांसारखे जांभळट तुरे येतात. कुसळी गवताशी गल्लत करू नका. तिची पीळ पडलेली कुसळं कपड्यात रुततात, जनावराच्या तोंडातही टोचतात.

बियांच्या नादी नवख्याने लागू नये. बी केसाळ आणि हलकं, वाऱ्यावर उडून जातं. त्यापेक्षा ठोंब, म्हणजे मुळासकट फाडलेले बुडख्याचे तुकडे, लावा.

मृगाचे दोन चांगले पाऊस झाले, ओल खाली गेली, की ढगाळ दिवस बघून बुडखे मुळासकट खणून काढा. वरचं पान वीतभर ठेवून छाटा. मग बुडखा हाताने फाडा. प्रत्येक ठोंबाला दोन-तीन काड्या आणि थोडी मुळं आली पाहिजेत. ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि त्याच दिवशी लावून टाका. मी एकदा उद्यावर ढकललं, तर निम्मे ठोंब वाळून गेले.

अंतर दोन्हीकडून दीड फूट. या हिशेबाने गुंठ्याला सुमारे ४८० ठोंब लागतात. ओळी उताराला आडव्या ठेवा, म्हणजे मातीही अडते. लावल्यावर पायाने दाबायला विसरू नका, आणि आठ-दहा दिवसांनी नांगे भरा, म्हणजे ठोंब मेलेल्या जागी नवे लावा. खडकावर टीचभरच माती असेल, तर मारवेलचा हट्ट सोडून अंजन किंवा डोंगरी गवत लावलेलं बरं.

खरी परीक्षा पहिल्या वर्षी. जनावर आत सोडायचं नाही, म्हणजे नाहीच. उस्मानाबादी शेळी कोवळा ठोंब मुळासकट उपटते, म्हणून बोरी-बाभळीच्या फांद्यांची आडकाठी हवी.

पहिली कापणी दसऱ्याच्या सुमाराला, फुलोरा दिसू लागताच. जमिनीपासून चार बोटं बूड राखून विळा चालवा. बी पिकेपर्यंत थांबलात तर काडी निबर होते आणि गाय नाक मुरडते. सोयाबीन वाढल्यापासून आपल्याकडे ज्वारीचा कडबा कमी झालाय. लाल कंधारी, देवणी गाई-बैल सांभाळणाऱ्यांनी हे गवत वाळवून गंजी घालावी. एक कोपरा मात्र कापू नका, पुढच्या वर्षीचे ठोंब तिथूनच काढायचे आहेत.