कल्पित विश्वातली हिमाच्छादित पर्वतरांग कशी उभारावी

कल्पित विश्वाचा नकाशा काढायला बसलेला लेखक बहुधा आधी पर्वतांचे त्रिकोण काढतो, त्यांची टोके पांढरी ठेवतो आणि मग पायथ्याशी राज्ये वसवतो. माझा आग्रह असा की हा क्रम बदलावा: आधी समुद्र, मग वारा, त्यानंतर पर्वत आणि सर्वांत शेवटी बर्फ. बर्फ नुसत्या थंडीने साचत नाही, त्याला ओल लागते, आणि ती ओल कुठून तरी वाहून यावी लागते. सैबेरियातल्या ओयम्याकोन या वस्तीत १९३३ साली उणे ६७.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, तरी तिथल्या दरीत हिमनदी नाही, सूचिपर्णी वृक्षांचे अरण्य आहे. उलट न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्रावरून येणारे बाष्प पर्वतावर इतके हिम ओतते, की तिथल्या हिमनद्या समुद्रसपाटीपासून काही शे मीटर उंचीवरच्या वर्षावनापर्यंत खाली उतरतात.

उदाहरणासाठी आपण एक रांग घेऊ आणि तिला ‘हिवमाळ’ म्हणू. ती उत्तर-दक्षिण पसरलेली आहे, तिची शिखरे ६,००० मीटरपर्यंत जातात, पश्चिमेला समुद्र आहे आणि वारा पश्चिमेकडून येतो. एवढे ठरताच पुढचे बरेच काही आपोआप ठरते. वर चढणारी हवा थंड होते, तिच्यातले बाष्प पश्चिम उतारावर हिम होऊन पडते आणि पूर्वेला पोचणारा वारा कोरडा असतो. मराठी वाचकाला हे वेगळे समजावावे लागत नाही, कारण महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असताना पसरणीचा घाट उतरल्यावर वाईला हजार मिलिमीटरही पडत नाही, हे त्याला ठाऊक असते. म्हणून हिवमाळेच्या पश्चिमेला दाट जंगले, दलदली आणि लांबलचक हिमनद्या दाखवाव्यात. पूर्वेला मात्र उघडे खडक, थंड वाळवंट आणि पाण्यासाठी भांडणारी गावे असावीत. एकाच रांगेच्या दोन्ही बाजूंना सारखेच पांढरे उतार रंगवणे ही नवख्या नकाशांतली चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण तिच्यामुळे दोन शेजारी राज्यांत वैर असण्याचे एक सबळ कारण हातचे जाते.

आता हिमरेषा, म्हणजे जिच्या वर हिम वर्षभर टिकते ती रेषा, काढावी. प्रत्येक किलोमीटर उंचीमागे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. हिवमाळेच्या पायथ्याशी, समुद्रकाठी, उन्हाळ्यात सरासरी २० अंश तापमान असेल, तर साधारण ३,१०० मीटरवर ते शून्याला येईल. हिमरेषा याच्या आसपास असेल, पण ती सरळ आखू नये. पश्चिमेला हिम इतके पडते की उन्हाळा ते सगळे वितळवू शकत नाही, म्हणून तिथे ती २,७०० मीटरपर्यंत खाली आणावी. कोरड्या पूर्वेला ३,६०० मीटरपर्यंत वर न्यावी. हिमालयातही तिबेटच्या कोरड्या बाजूला हिमरेषा भारताच्या बाजूपेक्षा उंचावर असते. हिमरेषेच्या बरेच खाली वृक्षरेषा येते, आणि या दोन रेषांमधला गवताळ पट्टा धनगरांचा, कळपांचा आणि कथानकातल्या बहुतेक भेटीगाठींचा प्रदेश असतो.

यानंतर हिमनदीकडे पुरेसा वेळ द्यावा, कारण पर्वताला आकार देणारी तीच आहे. वर्षानुवर्षे साचलेले हिम स्वतःच्या भाराने दबते, आधी दाणेदार आणि मग घट्ट निळसर बर्फ होते, आणि हा थर तीस-पन्नास मीटर जाड झाला की तळचा बर्फ लवचीक होऊन उताराने सरकू लागतो. वरचा थर मात्र ठिसूळच राहत असल्याने त्याला खोल भेगा पडतात, आणि ताज्या हिमाने तोंड झाकलेली भेग ही उंचावरच्या प्रवाशाची खरी शत्रू असते. सरकणारा बर्फ डोंगराच्या कुशीत वाडग्यासारखे हिमगव्हर कोरतो. दोन गव्हरांमध्ये शुककूट, म्हणजे धारदार डोंगरकणा, उरतो आणि तीन-चार बाजूंनी कोरले गेलेले शिखर टोकदार गिरिशृंग होते. नदीची दरी इंग्रजी ‘व्ही’सारखी, तर हिमनदीची ‘यू’सारखी, रुंद तळाची असते. हे ध्यानात ठेवले तर किल्ला कुठे बांधावा हे निराळे शोधावे लागत नाही: हिमनदीने दरीत आडवा टाकलेला हिमोढाचा, म्हणजे वाहून आणलेल्या दगडगोट्यांच्या राशीचा, बांध ही नैसर्गिक तटबंदीच असते. मात्र त्या बांधामागे तळे साचले असेल, तर तोच बांध फुटूही शकतो. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या वर चोराबाडी तळ्याचा असा बांध फुटून जो हाहाकार झाला, तो आठवून अशा प्रसंगाचे वर्णन जबाबदारीने करावे.

जादूने पर्वत गोठवायचा असेल तरी पाण्याचा हिशेब चुकवू नये. एका रात्रीत हिवमाळेवर हजार मीटर बर्फ चढवणाऱ्या मांत्रिकाने ते पाणी कुठून आणले, हे लेखकाला माहीत असलेच पाहिजे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, पृथ्वीवरच्या समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. म्हणजे साऱ्या जगभर बर्फ वाढवणारा शाप असेल, तर दूरच्या बंदरांतली जहाजे चिखलात रुतलेली दाखवावी लागतील, आणि मला तरी हे दृश्य गोठलेल्या शिखरापेक्षा अधिक भयंकर वाटते.

माणसांबाबत थोडक्यात. २,५०० मीटरच्या वर नवख्याला विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, आणि ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्मा असतो. ३,५०० मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे डाळ शिजता शिजत नाही. वृक्षरेषेच्या वर लाकूड नाही, म्हणून चुलीत गोवऱ्या आणि खाण्यात भाजलेल्या सातूचे पीठ, ही जोडी लडाखप्रमाणे तुमच्या जगातही शोभेल. हिमनदीतून निघणारी नदी पहाटे ओसरलेली आणि दुपारनंतर फुगलेली असते, म्हणून पाठलागातल्या नायिकेला ती उजाडताच ओलांडायला लावावी. हिवाळ्यात खिंडी बंद होतात, पण झांस्करमध्ये त्याच काळात गोठलेली नदी हीच वाट होत आली आहे. तुमच्या सैन्याच्या हालचाली अशा ऋतुचक्रावर बेतल्यास शत्रू कधी येईल आणि कधी येऊच शकणार नाही, हे वाचकालाही उमगेल.

भाषेची अडचण आपल्याला खरी आहे. गारठा, हुडहुडी, काकडणे हे शब्द मराठीत आहेत, पण पडणारे आणि गोठलेले या दोहोंना आपण सर्रास ‘बर्फ’च म्हणतो. मी पडणाऱ्या मऊ कणांना ‘हिम’ आणि घट्ट झालेल्या थराला ‘बर्फ’ असा भेद शेवटपर्यंत पाळतो. ठिकाणांची नावे घेताना भारदस्त संस्कृत समास टाळावेत. शिडी घाट, सवाष्णी घाट, कोकणकडा ही सह्याद्रीतली नावे पाहा: त्यांतून वाट कशी आहे, कडा कुठे पाहतो किंवा तिथे काय घडले असावे, हे सूचित होते. हिवमाळेतही ‘बोलती भेग’ किंवा ‘सातूखिंड’ असे नाव तिथल्या माणसांच्या तोंडचे वाटेल.

शेवटी प्रत्येक मोठ्या हिमनदीचा वेग नकाशाच्या कडेला लिहून ठेवावा. १८२० साली माँ ब्लाँ शिखराच्या चढाईत तीन वाटाडे हिमलोटाबरोबर भेगेत गेले. ते सुमारे ४० वर्षांनी खाली बाहेर येतील असा अंदाज जेम्स फोर्ब्स या स्कॉटिश शास्त्रज्ञाने बर्फाच्या वेगावरून केला होता, आणि १८६१ पासून त्यांचे अवशेष खरोखरच बोसाँ हिमनदीच्या खालच्या टोकाशी सापडू लागले. हिवमाळेतली मुख्य हिमनदी वर्षाला ६० मीटर सरकत असेल, तर खालच्या टोकापासून ९ किलोमीटर वर भेगेत पडलेला राजदूत, राजमुद्रेसह, १५० वर्षांनी तुमच्या पहिल्याच प्रकरणात वितळत्या बर्फातून बाहेर येईल, आणि तो कोणत्या राज्याच्या हद्दीत येईल हे तुम्हाला नकाशावर बोट ठेवून सांगता येईल.