प्रेसिंग शिकवायचंय ना? मग आधी स्टॉपरला पुढे आणा

शाळेच्या कुठल्याही मॅचला टच लाइनवर जाऊन उभे राहा, एकच आरडाओरडा ऐकू येतो. "दाब रे! जा ना अंगावर! बघतोस काय!" मग एकटा स्ट्रायकर बिचारा समोरच्यांच्या या स्टॉपरकडून (मधल्या डिफेंडरकडून) त्या स्टॉपरकडे, तिथून गोलीकडे, गोलीकडून परत पहिल्याकडे असा पळत राहतो, दहा मिनिटांत त्याची जीभ बाहेर येते आणि बाकीचे मागे कमरेवर हात ठेवून बघत असतात. प्रेसिंग म्हणजे बॉल समोरच्याकडे असताना सगळ्या टीमने मिळून त्याला दाबायचं, जागा आणि वेळ द्यायचा नाही. याला प्रेसिंग नाही म्हणत, याला पकडापकडी म्हणतात आणि त्यात राज्य कायम आपल्यावरच.

मी नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला पंधरा वर्षांखालच्या पोरांना बरीच वर्षं शिकवतोय. सकाळी साडेसहाची वेळ, अर्धं मैदान क्रिकेटवाल्यांचं, डिसेंबरात निम्मी पोरं स्वेटर काढायला तयार नसतात. प्रेसिंगबद्दल चुकीचा सल्ला भरपूर ऐकलाय आणि सुरुवातीला स्वतः दिलाही आहे, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

कोन, बिब, शिट्टी, वॉर्म-अप हे सगळं तुमच्याकडे आहे असं धरतो. जास्तीची फक्त एक वस्तू लागेल, फक्कीची एक पिशवी. कशाला ते पुढे येईलच.

आणि हो, "आधी स्टॅमिना वाढवा, मग प्रेसिंग" असं कोणी म्हणालं तर मान डोलावून सोडून द्या. पोरांना पांडवलेणीच्या पायऱ्या चढवून प्रेसिंग येत नाही, मांड्या भरून येतात. पळवायचंच असेल तर गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर वेगळ्या दिवशी पळवा, बॉल हातात असतानाचा वेळ त्यात घालवू नका.

पायरी १: कुठून दाबायचं

हाफ लाइनच्या दहा पावलं पुढे दोन्ही कडांना कोन ठेवा. बॉल त्याच्या पलीकडे असेल तर त्यांना खेळू द्या, अलीकडे आला की आपण सुरू, इशारा मिळाला तर पलीकडेही. शंभर मीटरचं मैदान अकरा पोरांना झाकता येत नाही, विषय संपला.

पायरी २: कधी दाबायचं

इशारे तीनच द्या, चौथा दिलात की पोरं पहिलाही विसरतात.

पहिला इशारा, बॅक पास. १९९२ पासून आपल्याच माणसाने मुद्दाम पायाने दिलेला बॉल गोलीला हातात घेता येत नाही, आणि शाळेच्या लेव्हलला बहुतेक गोलींचे पाय म्हणजे देवाची करणी. दुसरा, बॉल कडेच्या बॅककडे गेला आणि त्याचं तोंड टच लाइनकडे आहे. तिथे लाइन हीच आपली बारावी खेळाडू, कबड्डीत रेडरला कोपऱ्यात घेतात तसंच. तिसरा, खराब पहिला टच, बॉल पायापासून सुटला किंवा वर उडाला. आपल्या मैदानांवर हे दर दोन मिनिटांनी होतं, त्याचा फायदा घ्या.

२०१९ पासून गोल किकचा (गोलपासून खेळ परत सुरू करायच्या किकचा) बॉल गोलसमोरच्या बॉक्सबाहेर जायची अट राहिली नाही, तेव्हापासून टीव्ही बघून शाळांच्या टीमसुद्धा बॉक्समध्येच छोटे पास खेळायला लागल्यात. आपल्याला काय, दिवाळीच! फक्त किक बसेपर्यंत आपली पोरं बॉक्सच्या बाहेर पाहिजेत हे एकदा बजावून सांगा.

पायरी ३: पहिला माणूस

पहिला जाणारा सरळ जात नाही, कमानीत जातो, म्हणजे जो पास बंद करायचाय तो त्याच्या पाठीमागे झाकला जातो. शेवटच्या तीन पावलांत वेग कमी, पाय छोटे, अंग तिरकं, स्लाइड अजिबात नाही. त्याला एकच गोष्ट समजावून सांगा की बाळा, बॉल काढणं तुझं काम नाही, समोरच्याची मान खाली घालायला लावणं तुझं काम आहे. मान खाली म्हणजे त्याला लांबचा पास दिसत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढची सगळी पायरी त्याच्यावर उभी आहे.

पायरी ४: मागची लाइन, म्हणजे डिफेंडरची रांग, वर आणणं

इथे मी दोन सीझन घालवले.

माझी पुढची पोरं झकास दाबायची, इशारा मिळाला की तिघं तुटून पडायचे आणि बघायला मजा यायची. तरी आम्ही हरायचो. एका मॅचला पहिल्या हाफमध्येच चार गोल खाल्ले आणि चारही एकाच छापाचे, म्हणजे आमचे तिघं-चौघं पुढे गेलेले, आमचे चार डिफेंडर आमच्याच बॉक्सपाशी उभे, मध्ये चाळीस-पन्नास पावलांचं मोकळं रान आणि त्या रानात त्यांचा दहा नंबरवाला एकटा, बॉल घेऊन, वळून, निवांत विचार करून पास देतोय. हाफ टाइमला मी ओरडलो की "अजून जोरात दाबा". दुसऱ्या हाफला अजून दोन झाले.

मॅचनंतर स्टॉपरला बाजूला घेतलं आणि विचारलं, तू वर का येत नाहीस रे? पोरगं बुटाच्या लेसशी खेळत म्हणालं, "सर, मागून बॉल गेला की ओरडा मलाच बसतो." मी तिथेच गप्प झालो, कारण ओरडणारा मीच होतो. प्रत्येक वेळी डोक्यावरून लांब बॉल गेला की मी स्टॉपरच्या नावाने शंख करायचो, मग तो कशाला वर येईल? त्याच्या जागी मी असतो तर मीही गोलपोस्टला चिकटून राहिलो असतो.

कबड्डी खेळलेल्या पोरांना हे एका मिनिटात कळतं. कॉर्नरने घोटा धरला आणि कव्हर धावून आला नाही तर रेडर त्याला ओढत नेतो आणि मध्यरेषेला हात लावतो. पकड चुकलेली नसते, मागचे आलेले नसतात. फुटबॉलमध्ये तेच, फक्त मैदान मोठं असल्यामुळे चूक कोणाची ते दिसत नाही आणि बोलणी पुढच्या पोराला बसतात.

अरिगो साक्की हा इटालियन कोच आधी बुटांचा सेल्समन होता, व्यावसायिक फुटबॉल कधी खेळला नाही, आणि त्याच्या मिलानने १९८९ आणि १९९० असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकला. त्याचा आग्रह एकच होता, शेवटच्या डिफेंडरपासून स्ट्रायकरपर्यंत अंतर साधारण २५ मीटर. हे वाचून मी लगेच पोरांना २५ मीटर, २५ मीटर ओरडायला लागलो. पंधरा वर्षांच्या पोराला पळताना २५ मीटर म्हणजे किती हे कळत नाही, मोठ्यांनाही नाही कळत. मग कुठेतरी दोरीचा सल्ला मिळाला, चार डिफेंडरच्या कमरेला दोरी बांधा म्हणे. बांधली. एक पडला, त्याने तिघांना पाडलं, एकाचा गुडघा सोलला. शिवाय दोरी आडवं अंतर सांभाळते, आमचा घोळ उभ्या अंतराचा होता. दोरी विहिरीला बरी.

फक्की इथे लागते. हाफ लाइनला समांतर, दर दहा पावलांवर फक्कीची एक रेघ मारा, पूर्ण मैदानभर. (क्रिकेटवाल्यांशी भांडण होईल. आदल्या दिवशी चहा पाजून ठेवा.) आता दोन टीम खेळवा आणि मध्येच कधीही शिट्टी वाजवा. शिट्टी वाजली की जो जिथे आहे तिथे पुतळा. मग मोठ्याने मोजायचं, आपल्या स्ट्रायकरपासून स्टॉपरपर्यंत किती पट्टे? तीन किंवा कमी असतील तर खेळ चालू, चार झाले तर बॉल समोरच्या टीमला. शिक्षा नाही, राउंड नाही, लेक्चर नाही. पहिल्या दिवशी आमचे सहा पट्टे निघाले होते. पोरं स्वतःच हसायला लागली. तिसऱ्या आठवड्यात शिट्टी वाजायच्या आत एकमेकांना "पट्टा, पट्टा" म्हणायला लागली, तेव्हा मला कळलं की आता जमतंय.

पण नुसतं "वर या" शिकवलंत तर नवा घोळ होतो, लाइन कायमच वर आणि डोक्यावरून बॉल. म्हणून वर कधी आणि मागे कधी हे ठरलेलं पाहिजे, आणि ते मघाच्या मानेवर ठरतं. बॉलवाल्याची मान खाली, अंगावर आपला माणूस, तर लाइन वर. बॉलवाल्याची मान वर, समोर कोणी नाही, पाय मागे खेचून मारायच्या तयारीत, तर लाइन मागे, ताबडतोब, वाद न घालता. मधलं काही नाही. हे शिकवताना मी सुरुवातीला खेळ घेतच नाही. चार डिफेंडर समोर उभे करतो, बॉल पायात घेऊन त्यांच्यासमोर चालतो, मान खाली घातली की ते चार पावलं पुढे, मान वर केली की मागे. साक्की तर बॉलशिवायच हे करून घ्यायचा, बॉल कुठे आहे ते तोंडी सांगायचा आणि सगळी टीम हवेतल्या बॉलप्रमाणे सरकायची. बाहेरून बघणाऱ्याला वेड लागलंय असं वाटतं. वाटू दे. दहा मिनिटं रोज, महिनाभर.

हुकूम एकानेच द्यायचा, स्टॉपरने, आणि एकाच शब्दात. आमचा शब्द होता "चढ". चौघांनी चार गोष्टी ओरडायच्या नाहीत, कारण एक जरी मागे राहिला तरी समोरचे सगळे ऑनसाइड होतात, म्हणजे आपल्या लाइनच्या मागे उभं राहूनही त्यांना बॉल घेता येतो. आणि हाफ लाइनच्या पलीकडे लाइन नेऊ नका, समोरचा स्वतःच्या हाफमध्ये असेल तर ऑफसाइड नसतोच. थ्रोवरही ऑफसाइड नसतो, त्यामुळे त्यांच्या थ्रोला स्टॉपरने लाइनच्या भरवशावर राहू नये, माणूस धरावा.

राहिला गोली. लाइन वर गेली की मागचं रान त्याचं. त्याला बॉक्सच्या कडेपर्यंत बाहेर काढा आणि रोज दहा लांब बॉल स्वतः मारून द्या, त्याने पळत येऊन पायाने बाहेर फेकायचे. उन्हाळ्यात आपली मैदानं फरशीसारखी कडक होतात, बॉल टप्पा पडून डोक्यावरून जातो, म्हणून टप्प्याच्या आधी पोचायचं नाहीतर थोडं मागे थांबून घ्यायचा, मधल्या मध्ये अडकायचं नाही. पावसाळ्यात उलटं, काळ्या मातीत बॉल पडला की तिथेच रुतून बसतो आणि समोरच्या स्ट्रायकरला आयता मिळतो. चिखल असेल त्या दिवशी मी लाइन पाचेक पावलं मागेच ठेवतो.

आणि तुम्ही स्वतः एक करायचं, हे सगळ्यात अवघड. मागून बॉल गेला आणि गोल झाला, पण स्टॉपरने ठरल्याप्रमाणे वर पाऊल टाकलं होतं, तर सगळ्यांसमोर "बरोबर होतं तुझं" असं म्हणायचं. गोल खाल्लेला असताना. तेही खोटं नाही, मनापासून. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा मलाच घशात अडकल्यासारखं झालं होतं, पण पुढच्या मॅचला तो पोरगा न सांगता दहा पावलं वर उभा होता.

पायरी ५: बॉल मिळाल्यावर

पहिला पास पुढे मोकळा असेल तर पुढे, नाहीतर गर्दीतून बाहेर, विरुद्ध कडेला. बॉल परत गेला तर पाच सेकंद जीव तोडून मागे लागायचं, नाही मिळाला तर सगळे आपापल्या जागी. मनात मोजायला सांगू नका, पहिले काही दिवस तुम्हीच बाहेरून मोठ्याने मोजा.

पायरी ६: मॅचचा दिवस

पूर्ण मॅच दाबता येत नाही. दोन्ही हाफची पहिली दहा मिनिटं, आणि गोल झाल्यावर लगेचची पाच, एवढं ठरवून घ्या. एप्रिलच्या उन्हात तेही कमी करा, पाणी जास्त द्या. पुढच्या तिघांपैकी कोणी कमरेवर हात ठेवला की त्याला बदला, कारण तिघांतला एक थकला की बाकी दोघांचं पळणंही फुकट जातं.

पालकांना मॅचच्या आधी सांगून ठेवा की काका, नाव घेऊन ओरडा, शाबासकी द्या, पण सूचना देऊ नका. आमच्या एका मॅचला कोणाचेतरी वडील उत्साहाच्या भरात आपल्या पोराला "चढ, चढ!" म्हणून ओरडले, आमची अख्खी लाइन शहाण्यासारखी वर आली आणि समोरचा मान वर करून उभाच होता. गोल. स्टॉपरला मी काय बोलणार, हुकूम पाळला होता त्याने. तेव्हापासून शब्द बदललाय, आणि तो इथे लिहिणार नाही, आमच्याविरुद्ध खेळणारे पण वाचतात.