केंब्रिजची जुनी वास्तुमार्गदर्शिका सुधारताना या चुका टाळा

वास्तुइतिहासकार निकोलाउस पेव्हस्नर यांची केंब्रिजशायरची मार्गदर्शिका १९५४ मध्ये आली, दुसरी आवृत्ती १९७० मध्ये. सायमन ब्रॅडली यांनी सुधारलेली तिसरी थेट २०१४ मध्ये. चव्वेचाळीस वर्षांनी असा मजकूर हाती घेणाऱ्याची पहिली चूक ठरलेली असते: खुर्चीत बसून वाक्यं दुरुस्त करणं.

ब्रिज स्ट्रीटवरचं राउंड चर्च घ्या. 'साधारण ११३०' एवढं लिहून पुढे जाता येतं, पण ते अर्धंच खरं. पंधराव्या शतकात या चर्चवर घंटेचा मजला चढला आणि खिडक्या मोठ्या झाल्या. १८४१ मध्ये आतल्या प्रदक्षिणामार्गाच्या छताचा काही भाग कोसळला. तेव्हा चर्चवास्तूंचा अभ्यास करणाऱ्या केंब्रिज कॅम्डन सोसायटीने वास्तुकार अँथनी साल्विनकडून डागडुजी करून घेतली. वरचा मजला उतरला, शंकूसारखं छप्पर आलं, खिडक्या पुन्हा नॉर्मन, म्हणजे बाराव्या शतकातल्या, धाटणीच्या झाल्या. म्हणजे रस्त्यावरून सगळ्यात जुनं वाटतं, ते एकोणिसाव्या शतकातलं. आतले जाडजूड गोल खांब मात्र मूळचे. आत जाऊन, खांबाशी उभं राहूनच ही नोंद लिहावी.

'नवीन', 'सध्या', 'अलीकडे' हे शब्द एकेक करून शोधा. कॅव्हेंडिश प्रयोगशाळा १९७४ मध्ये फ्री स्कूल लेनवरून शहराच्या पश्चिमेला गेली. किंग्ज कॉलेजच्या चॅपलला १९६१ मध्ये रूबेन्सचं चित्र भेट मिळालं. ते बसवायला चॅपलच्या पूर्वेकडची फरशी खाली घेतली, तिथलं जुनं वर्णन तेव्हाच बाद झालं.

क्वीन्स कॉलेजचा लाकडी पूल न्यूटनने बांधला, ही दंतकथा चुकूनही घेऊ नका. पूल १७४९ चा, न्यूटन १७२७ मध्येच गेला.

विद्यापीठाच्या सेनेट हाउसपाशी मलाही मोह होतो. १८९९ मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, म्हणून रघुनाथ परांजपे यांचं नाव इथेच वाचलं गेलं, हे मराठी माणूस कसं विसरेल? तरी नोंद वास्तुकार जेम्स गिब्जच्या इमारतीची आहे. परांजप्यांना एक ओळ पुरे.

मला सर्वांत जास्त खुपते ती चूक वेगळीच: मूळ लेखकाची ठाम मतं गुळमुळीत करणं. तारीख चुकली तर बदला. मत पटत नसेल तर त्याखाली आपलं लिहा, पण त्याचं वाक्य राहू द्या.

आणि पुस्तक छापून आलं तरी कात्रणांची फाइल बंद करू नका. २०१९ मध्ये मिल रोडवर झाडांसारख्या लाकडी खांबांची मशीद उघडली. तिसऱ्या आवृत्तीला तेव्हा पाचच वर्षं झाली होती.