भरण्याआधी गोळीच्या टोकात बघा

मी मूळची कोल्हापूरची, आता ओहायोत असते आणि 600 यार्डांच्या टार्गेटवर .308 रायफल मारते. काडतुसं स्वतः भरते. मागच्या सीझनला दहा शॉट्समधला एखादा उगाचच बाहेर जायचा. वारा, श्वास, ट्रिगर, काडतुसातल्या दारूचं (स्फोटक भुकटीचं) वजन, सगळं तपासून झालं. मग एका संध्याकाळी नव्या खोक्यातली गोळी टेबललॅम्पखाली तिरपी धरली, तर टोकाच्या भोकात पिवळट कण बसलेला. पॉलिश करताना ड्रममध्ये घालतात तो, दाणे काढलेल्या कणसाचा भुगा. त्या शंभरच्या खोक्यात अशा सात निघाल्या.

इथे गोळी म्हणजे फक्त पुढचा, उडून जाणारा भाग. आख्खं काडतूस नव्हे. मॅचच्या गोळीला टोकाशी भोक असतं ते शिकारीसाठी नसतं. तांब्याच्या वाटीला ओढून लांब करतात, उघड्या तोंडातून शिसं घालतात आणि शेवटी तोंड आवळत आणतात. तळ बंद आणि एकसारखा राहतो, नेम त्यामुळेच बसतो. भोक राहतं साधारण दीड मिलिमीटरचं, आणि कारखान्यातलं काहीबाही त्यातच अडकतं.

एवढ्याशा कणानं काय होतं? दर दहा इंचाला एक फेरा देणाऱ्या नळीतून सेकंदाला 2600 फुटांनी निघालेली गोळी मिनिटाला सुमारे 1,87,000 फेरे घेते. त्या वेगात अक्षाच्या एका बाजूला चिकटलेलं वजन गोळीला डुलवतं. भुशापेक्षा शिशाचा तुकडा वाईट, कारण तो जड. वजनकाट्यावर मात्र हे सापडत नाही. माझ्या 168 ग्रेनच्या (सुमारे 11 ग्रॅमच्या) गोळ्यांत एकमेकींत दोन-तीन दशांश ग्रेनचा फरक असतोच, त्यात कण लपून जातो. तेव्हा डोळ्यांनीच बघायचं.

आधी टेबलावरून दारू आणि प्रायमर (दारू पेटवणाऱ्या छोट्या टोप्या) पूर्ण उचलून ठेवा. पांढरा कागद अंथरा, हातमोजे घाला. गोळ्या लोडिंग ब्लॉकमध्ये, म्हणजे खाचांच्या ठोकळ्यात, टोक वर करून दहा-दहाच्या रांगेत उभ्या करा. दिवा डोक्यावर नको, बाजूनं तिरपा हवा, आणि हातात दहापट मोठं दाखवणारं भिंग. स्वच्छ भोक काळं आणि खोल दिसतं. भुगा पिवळट किंवा तपकिरी दिसतो, वंगण ओलसर चकाकतं, शिशाची चीप करडी, तांब्याची लालसर. पहिल्या वीस गोळ्यांना वेळ लागतो, मग नजर बसते. माझे बाबा शिरोलीला फौंड्रीत इन्स्पेक्शनला होते. प्रत्येक कास्टिंग उजेडात फिरवून, उलटं करून नखानं टकटक करायचे. मी तेच करते: गोळी उलटी धरून कागदावर हलकेच दोन-तीनदा आपटते. बहुतेक कचरा तेवढ्यानंच पडतो.

जो पडत नाही त्याला साधारण 0.8 मिलिमीटरची तांब्याची तार. टोक उलटंच ठेवा, म्हणजे निघालेला कण आत जाणार नाही, आणि तार बोटांत धरून फिरवा. शिवणाची सुई नको, पोलाद आतून ओरखडे काढतं. ड्रिल मशीन तर अजिबात नको, भोक वाकडं झालं की कचरा परवडला म्हणायची वेळ येते. वंगण असेल तर लहान बरणीत आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन गोळ्या बुडवून हलवा, पुसा आणि टोक खाली करून टिश्यूवर रात्रभर ठेवा. पूर्ण सुकल्याशिवाय काडतुसाच्या केसमध्ये (नळकांड्यात) बसवायच्या नाहीत.

फुंकर मारू नका. शिशाची धूळ तोंडावर उडते. काम झाल्यावर कागद आतल्या बाजूला दुमडून टाका, टेबल ओल्या फडक्यानं पुसा, हात साबणानं धुवा. घरात लहान मूल असेल तर हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर कधीच नको.

आणि भरून झालेल्या काडतुसाच्या टोकात तार घालायची नाही. कितीही हलक्या हातानं नाही. नंतर कण दिसलाच तर ते काडतूस वेगळं काढा.

कण निघालाच नाही अशा गोळ्या मी सायटिंग शॉट्सना, म्हणजे नेम जुळवायच्या सुरुवातीच्या शॉट्सना वापरते. टोक फाटलेली किंवा दबलेली असेल तर सरळ बाद.

भारतात परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे, हे तिकडच्या वाचकांनी लक्षात ठेवा. पण 10 मीटर एअर रायफलच्या पेलेटला (शिशाच्या छर्‍याला) हीच नजर लावता येते. कोल्हापूरच्या माझ्या भाच्याला मी हेच सांगितलं. पेलेट उलटा करून मागच्या पोकळ घेरात बघ, शिशाची बारीक कातर असली तर मऊ ब्रशनं काढ, घेर चेपलेला असेल तर तो पेलेट सरावाच्या डबीत टाक. आता मॅचच्या आदल्या रात्री तो शंभर पेलेट निवडून ठेवतो.